माहेरी थांबणारी डोकेदुखी

जनरेटर भाड्याने देणाऱ्या त्या म्हाताऱ्याला तोंडावर सगळे काका म्हणतात, माघारी ‘लांब वायर’. जनरेटर मागायला गेलं की तो आधी वायरचं भेंडोळं काढतो, मग साखळी आणि कुलूप, आणि सगळ्यात शेवटी यंत्र. घरापासून वीस पावलं लांब, धुराचं तोंड घराकडे नाही, ही त्याची अट. चोरीची भीती असेल त्याला साखळी, पावसाची असेल त्याला चार पायांचं पत्र्याचं छप्पर.

“घरातच ठेवतो की काका, खिडकी उघडी ठेवून,” एखादा म्हणतो.

“खिडकी मीही उघडी ठेवली होती,” तो म्हणतो आणि भेंडोळं त्याच्या खांद्यावर अडकवतो.

काकाच्या लग्नाला तेव्हा तीन महिने झाले होते. तो इंजिनं दुरुस्त करायचा. राहायला एक खोली, तिला लागून पत्र्याची शेड, मधल्या दाराखाली बोटभर फट. दुरुस्त झालेलं इंजिन शेडमध्ये तासभर चालवून बघायचं, असा शिरस्ता. शेडची खिडकी उघडी टाकून, ते सुरू करून तो बाहेर ओट्यावर भागीदाराशी गप्पा मारत बसे. बायको आत, त्या दारापाशी शिवण घेऊन.

दुपारी तिचं डोकं दुखे, मळमळे. पलीकडच्या गल्लीत दिलेल्या नणंदेने आधी डोळे मिचकावले. महिन्याभराने ते कौतुक सरलं. मग बायको चार दिवस माहेरी जाऊन आली. तिथं ठणठणीत होती. परतल्यावर दुसऱ्याच दुपारी कपाळाला ओलं फडकं.

“माहेरच्या हवेची पुडी बांधून आणायची की गं,” नणंद म्हणाली.

तो हसला. त्यानंतर तिने डोकं दुखतं म्हणणंच सोडलं. फडकं तेवढं दोरीवर वाळताना दिसे.

मग त्याच्या पायावर लोखंडी झाकण पडलं आणि तो खाटेला खिळला. शेडमधलं इंजिन आता भागीदार सुरू करी आणि ओट्यावर जाऊन बसे. दुसऱ्या दुपारी त्याच्या कानशिलांत ठोके पडू लागले. भिंतीवरची एक खुंटी दोन दिसू लागली.

“डोकं जड झालंय जरा,” तो म्हणाला.

तिने सुई कापडात टोचून ठेवली. “तुम्हालाही माहेर आठवायला लागलं वाटतं.”

तो हसायला गेला आणि त्याला ओकारी आली. उठायला गेला, तर धड असलेला पायही दुमडला. तिचेही पाय लटपटत होते; तरी तिने त्याच्या काखेत हात घालून त्याला ओट्यापर्यंत ओढत नेलं आणि भागीदाराला इंजिन बंद करायला लावलं.

“इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो,” डॉक्टर म्हणाले. “त्याला वास नाही, रंग नाही. नुसती खिडकी उघडून तो जात नाही. मोकळ्या हवेत गेलं की डोकं दुखायचं थांबतं, म्हणून माणूस फसतो. डोळा लागला असता तर उठला नसतात.” मग तिच्याकडे वळून, “तुम्हाला कधीपासून होतंय?”

“लग्नापासून,” ती म्हणाली.

माफी त्याला मागता आली नाही. त्याने मधलं दार विटांनी बुजवलं. शेड उतरवून अंगणाच्या पार टोकाला नुसते चार खांब आणि वर पत्रा उभा केला. इंजिन तिथंच चालायचं. नणंद आली तेव्हा तो एवढंच म्हणाला, “ताई, पुडीचं तू म्हणालीस ते खरंच होतं.”

याला चाळीस वर्षं झाली. आता पलंगाशेजारी भिंतीवर त्या वायूचा सुगावा लागताच वाजणारं एक छोटं यंत्र आहे. दर महिन्याला तो बटण दाबून ते वाजवून बघतो, आणि दर महिन्याला ती दचकून त्याच्यावर चिडते.

परवा दुपारी शिवता शिवता तिने चष्मा काढला आणि कपाळ चोळलं. भिंतीवरचं यंत्र गप्प होतं. अंगणात एकही इंजिन चालू नव्हतं.

“नंबर बदललाय चष्म्याचा,” ती म्हणाली, “दुसरं काही नाही.”

“असेल.” त्याने पुढचं-मागचं दार सताड उघडलं, तिचा हात धरला आणि तिला ओट्यावर नेऊन बसवलं. “आता?”

“आता काय? चष्माच आहे.”

“असू दे. बस जरा.”

ती बसली. शिवण आतच राहिलं.