टोपलीगावातून आलेली बातमी

ताई गेल्याची बातमी मला दोनदा मिळाली. दुसऱ्यांदा मिळाली ती हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर, माझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या तोंडून. अशा बातम्या मिळतात तशीच. पहिल्यांदा मात्र ती चार महिने आधीच आली होती, एका संध्याकाळी, माझ्या स्वयंपाकघरात. आणणारी होती माझी सव्वाचार वर्षांची मुलगी, बोधी, खेळता खेळता कंडक्टर होऊन आलेली. "आई, आत्याच्या पोटात संत्रं झालं. ते मोठं होऊन राहिलं. मग आत्या बिनमोबाइलच्या गावाले जाणार हाय." मी पोळ्या लाटत होते. "बरं," म्हणाले आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.

ताईंना जाऊन आता सात आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. ताईंबद्दल चांगलं बोलायला मला मुळीच कष्ट पडत नाहीत. पण त्यांनी मला फसवलं, आणि तेवढं गाळून लिहिलं तर ते लिहिणं ताईंचं होणार नाही, कुणा भलत्याच बाईचं होईल. मी रागीट आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. वाचणाऱ्यांनाही असू द्या.

ताई म्हणजे मिलिंदची मोठी बहीण, माझी नणंद. नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यात त्या सत्तावीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "तीस लेकरायचे नाकं पुसतो रोज. त्याच्यात अजून नवरा कायले?" बोधी वर्षाची झाली, माझी रजा संपली आणि पाळणाघरं बघून बघून मी रडकुंडीला आले, तेव्हा ताईंनी फोनवर एवढंच विचारलं, "मी येऊ काय वं?" महिन्याभरात नोकरी सोडून, एक पेटी आणि एक संत्र्यांची पिशवी घेऊन त्या एसटीतून उतरल्या. नागपुरातल्या आमच्या जरीपटक्याजवळच्या फ्लॅटमधली मागची खोली त्यांची झाली. नणंदेला कसं धाकात ठेवावं याबद्दल माहेरच्या बायकांनी दिलेले सगळे सल्ले वाया गेले. चाळिशीला टेकल्यावर मला जिवाभावाची मैत्रीण मिळाली, आणि ती नेमकी नणंद निघाली. बोधी त्यांचीच बोली बोलायला लागली. शाळेतल्या टीचरनी 'मले-तुले' बद्दल तक्रार केली, तेव्हा ताई पदरात तोंड लपवून हसल्या होत्या.

टोपलीगाव बोधीनं वसवलं. धुवायच्या कपड्यांची टोपली उलटी घातली, ते पहिलं घर. मग दिवाणापासून टीव्हीच्या कपाटापर्यंत गाव वाढत गेलं. एका डोळ्याचा ससा सरपंच झाला. सांडशी मास्तरीण झाली, कारण ती कान धरते. बोधी स्वतः डॉक्टर, कंडक्टर आणि पाऊस. ताई तिथल्या कायमच्या रहिवासी, बोधी सांगेल ते व्हायच्या. आणि या गावाला ताईंनी एक कायदा घालून दिला होता: खेळातलं खेळात. लेकरू खेळात जे बोलतं, त्याबद्दल खेळाच्या बाहेर विचारायचं नाही. विचारायचंच असेल तर आत जायचं, गावात काहीतरी व्हायचं, आणि मग विचारायचं.

हा कायदा त्यांना सुचला त्यामागे एक गोष्ट होती. त्यांच्या अंगणवाडीतली एक मुलगी बाहुलीला रोज भिंतीवर आपटायची आणि म्हणायची, 'बोलशील? पुन्हा बोलशील?' नव्या नव्या ताईंनी काळजीनं तिच्या आईला बोलावून विचारलं. घरी काय झालं कोण जाणे... दुसऱ्या दिवसापासून पोरगी खेळेनाच. वर्षभर कोपऱ्यात बसून राहिली. "मी तिचं बोलणं चोरलं वं, वर्षा," ताई मला म्हणाल्या होत्या. त्यानंतर त्यांनी कधीही मुलांच्या खेळातली गोष्ट बाहेर काढली नाही. मला हे पटलं होतं. इतकं की एकदा बोधी सशाला थोपटत 'रडू नको, आई ऑफिसातून येते' म्हणताना ऐकलं आणि मी धावत जाऊन तिला उचललं, तेव्हा ताई माझ्यावर खेकसल्या. "काहून घुसली मधातच? घर तुहं हाय, खेळ तुहा नाही." मी तिला खाली ठेवून बाहेर आले. तेव्हापासून त्या घरातली सर्वांत कायदा पाळणारी बाई मीच होते.

मिहानमधल्या एका कंपनीत मी माणसं निवडायचं काम करते. समोरचा कुठे खोटं बोलतो आहे ते ओळखायचा मला पगार मिळतो. आणि माझ्या घरात ताई दर गुरुवारी बोधीला शाळेत सोडून "जरीपटक्याच्या बाजारात जाऊन येतो" म्हणायच्या आणि मी मान हलवायची. येताना हातात हमखास काहीतरी असायचं. बोधीला क्लिपा, मला टिकल्यांची पाकिटं, एकदा चहाची गाळणी. "ताई, बाजारात कोणी भेटला काय?" मी चिडवायची. "भेटला नं. लय देखणा हाय. पांढरा कोट घालते." आम्ही दोघी हसलो होतो. आता ती गाळणी हातात घेतली की मला ती आपटावीशी वाटते. पुरावा विकत आणायची ती बाई... आणि तोही माझ्या आवडीनिवडी लक्षात ठेवून.

त्या वाळत चालल्या होत्या हे मला दिसत होतं. विचारलं तर म्हणायच्या, तुमच्या नागपूरच्या तेलाचं पचत नाही. आणि टोपलीगावात मात्र सगळं उघड चाललं होतं. ताई पेशंट असायच्या आणि बोधी चहाचा चमचा पोटाला लावून संत्रं केवढं झालं ते बघायची. एका रविवारी दुपारी मी दारातून पाहिलं. ताई चटईवर पडल्या होत्या. डोळे मिटलेले, वरच्या ओठावर घाम, आणि चटईचा काठ मुठीत घट्ट धरलेला. मी म्हटलं, "ताई, खरंच दुखून राहिलं काय?" बोधीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शाळेच्या वर्गात दार न वाजवता शिरले होते. ताईंनी एक डोळा उघडला. "गावात येऊन विचार वं. बाहेरून काय विचारते?" गॅसवर दूध होतं. मी हसले आणि गेले. आत जाऊन, नर्स होऊन, शेजारीण होऊन, काहीही होऊन विचारलं असतं, तर ताई खोटं बोलल्या नसत्या. याची मला खात्री आहे. दूध मात्र उतू गेलं नाही.

मग एका सकाळी त्या उठल्याच नाहीत. हॉस्पिटलच्या तरुण डॉक्टरनं नाव ऐकून कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि म्हणाला, "यांची फाईल आहे आमच्याकडे. पाच महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, ऑपरेशनला फार उशीर झालाय, पण बाकीचे उपचार करून बघू. नको म्हणाल्या. दर गुरुवारी येऊन दुखण्याच्या गोळ्या तेवढ्या न्यायच्या. घरच्यांना सगळं माहीत आहे, असंही म्हणाल्या." मी काय केलं ते मला आठवत नाही. बहुतेक मी त्या डॉक्टरवर ओरडले.

ताई शुद्धीवर आल्या तेव्हा मी एकटी होते. तब्येत विचारायची सोडून मी भांडायला सुरुवात केली. "मले काहून नाही सांगितलं?"

"सांगतलं नं. बोधी येऊन सांगत नव्हती काय?"

"तो खेळ होता, ताई!"

त्यांनी हातावरची सलाईनची नळी सरळ केली. मग म्हणाल्या, "घरात सांगतलं असतं तं तू नोकरी सोडून मह्या उशाशी बसली असती. सकाळ-संध्याकाळ ते रडकं तोंड पाह्यलं असतं मी तुहं. टोपलीगावात मी पेशंट होती, पण डॉक्टर चमचा लावे अन् म्हणे, 'बरी झाली, ऊठ.' मी रोज बरी होत होती वं..."

हे ऐकून माणसाचं काळीज वितळावं. माझं नाही वितळलं. मला वाटलं, ज्या कायद्यानं लेकरांचं बोलणं वाचवायचं, तोच कायदा यांनी माझ्यापासून लपायला वापरला. माझ्या लेकराच्या तोंडून खरं वदवलं, आणि मी ते खरं मानणार नाही याची आधीच तजवीज करून ठेवली. चार दिवसांनी त्या गेल्या. जलदान विधीला त्यांच्या खेड्यातली माणसं आली होती. त्यांच्या हाताखाली वाढलेली, आता मिशा फुटलेली, कडेवर पोरं असलेली. सगळी रडत होती. मिलिंदनं बहिणीला पहिल्याच दिवशी माफ केलं. मी वंदनेसाठी हात जोडून बसले होते आणि मनात त्यांच्याशी भांडतच होते.

बोधीला आम्ही सांगितलं नाही. सांगितलं असतं, पण तिनं विचारलंच नाही, आणि आम्हाला ते सोयीचं पडलं. 'आत्या गावाला गेली' एवढं मिलिंद म्हणाला. तिनं मान डोलावली. ती खेळत राहिली, पण टोपलीगावात चटई कुणी अंथरत नव्हतं. मी सात आठवडे तिच्यापुढे हसरं तोंड करून वावरत होते. ताईंवर ज्याबद्दल मी चिडले होते, नेमकं तेच मी करत होते, हे मला कळत होतं.

मागच्या रविवारी सकाळी ताईंची खोली आवरायला घेतली. बोधी पलंगावर बसून साड्यांच्या घड्या मोजत होती. या खोलीत तरी खोटं नको, असं मला वाटलं. हातातली साडी खाली ठेवून मी म्हटलं, "बोधी, आत्या गावाला नाही गेली. आत्या मेली. ती आता परत येणार नाही."

"मले माहीत हाय," बोधी म्हणाली. घड्या मोजणं तिनं थांबवलं नाही.

"कुणी सांगितलं?"

"आत्यानं. कवाच सांगतलं. खेळात नाही, खरं खरं, इथंच बसून." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "आत्या म्हणे, आईले खेळातच सांगजो. बाहेर सांगतलं तं आई रडते. मी किती बार सांगतलं तुले. तू बरं बरं म्हणे."

मी पलंगावर बसले. सात आठवड्यांत जे आलं नव्हतं ते सगळं आलं. आवाज आवरेना, साडीत तोंड खुपसलं तरी आवरेना. बोधी सरकत जवळ आली आणि माझ्या पाठीवर थोपटायला लागली, ताई थोपटायच्या तशी, दोन हळू आणि एक जोरात.

"पाह्य," ती म्हणाली, "रडली नं."