तुझ्या वेळी आई काय खायची?

केसपेपर साठले की रद्दीत जातात. किस्से मात्र डोक्यातच साठत राहतात. एफवायला कॉलेजला लाथ मारून मी सावेडीत एका डॉक्टरबाईंकडे केसपेपर लिहायला बसले, तेव्हाचे, नव्वदीतले हे. अजून कुठे फिनेलचा वास आला, की मी थेट त्या दवाखान्यात!

पाळी अकाली जायला लागलेल्या बायकांना मॅडम एक जादा प्रश्न विचारायच्या. "तू पोटात असताना आई काय खायची?"

"मॅडम, याचा काय संबंध?" मी एकदा विचारलंच.

"पोरगी आईच्या पोटातच आपली सगळी बीजं घेऊन येते. तिथेच उपासमार झाली, तर साठा लवकर संपत असेल का? पक्कं सांगता येत नाही. तू लिही."

कॉलेजात कुणी एवढं धड सांगितलं असतं, तर मी टिकले असते!

*

एका बाईचं नाव नवरा सांगायचा, वय नवरा, पाळीची तारीखही नवराच! तो प्रश्न आला. "हिच्या आईला काय कमी हुतं? भरलं घर हाय."

बायको पहिल्यांदा बोलली, "घर भरलेलं व्हय. आई शेवटी जेवायची. टोपल्यात उरंल ते."

"साहेब, बाहेर बसा," मॅडम म्हणाल्या. "पेशंट आत्ता बोलायला लागलीय!"

*

म्हाताऱ्या माणसांना नावं ठेवू नयेत म्हणतात. मी ठेवते. घरी आजीला विचारलं, "आई गरोदर असताना तिला काय द्यायचीस?"

"डिंकाचे लाडू."

"ते बाळंत झाल्यावर. आधी?"

"आधी कशाला? पोर पोटात माजलं की अडतं!"

"मग आजोबांना तीन भाकरी का? त्यांचं काय अडत होतं?"

आजी पाय आपटत आत निघून गेली. आईनं मात्र मला न मागता तूप वाढलं.

*

मिरजगावच्या मंगलताई. वय एकतीस, मूल नाही, पाळी वर्षभर बंद. सासू दर खेपेला सगळ्या दवाखान्याला ऐकवायची, "औंदा न्हाई झालं तर पोराचं दुसरं लगीन लावनार!"

त्या दिवशी सासूसोबत मंगलताईंची आई होती आणि सातव्या महिन्यातली धाकटी जाऊ, शोभा. मॅडमनी मंगलताईंच्या आईला तोच प्रश्न विचारला.

"अर्धी भाकर," म्हातारी म्हणाली. "आमची सासू म्हनायची, पोर मोठं झालं तर अडंल." आणि पदर तोंडाला लावला.

"बघा! म्हायेरचीच खोट!" सासू म्हणाली.

"मॅडम, मला मूल हुईल का?" मंगलताईंनी विचारलं.

"अवघड आहे, मंगल. बीजांचा साठा संपलाय, कदाचित आईच्या पोटात असतानाच्या उपासमारीनं."

बाहेर बाकावर सासूनं डबा सोडला. स्वतःपुढे दोन भाकरी, शोभापुढे अर्धी. "लई खाऊ नगं."

मंगलताईंनी सासूपुढची अख्खी भाकरी उचलली आणि जावेच्या हातात दिली. शोभा घाबरून सासूकडे बघायला लागली. मंगलताई दोघींच्या मधे येऊन बसल्या.

"तिकडं नगं बघू. खा. पोटात पोरगी असली म्हंजे?"