सहीची जागा कोरी ठेवलेल्या कवितेविषयी तक्रार

तक्रारदार : मी, वर्ध्याच्या कचेरीसमोर सव्वीस वर्षे अर्ज लिहिणारा, शिक्षण नववीपर्यंत. विरुद्ध पक्ष : बोरगाव मेघे येथे राहणारे निवृत्त मराठी शिक्षक, यापुढे ‘सर’. घटनेचा दिवस : श्रावणातला शेवटचा शनिवार, सायंकाळ. साक्षीदार : एक, माझी पत्नी, दोन, शेजारच्या टेबलावरचे मुद्रांकविक्रेते. नावे मला सर्वांची ठाऊक आहेत. येथे देत नाही, कारण माझ्या नावाचे जे झाले ते पाहता इतरांची नावे लिहिण्यास माझा हात धजत नाही.

सर रेडिओच्या सांस्कृतिक कार्यक्रमात अधूनमधून कवितावाचनास जात. मी त्यांना सांगितले की मीही एक कविता केली आहे. अंगठा देण्यास आलेल्या म्हाताऱ्या बाईचा हात मी शाईच्या पॅडवर धरतो, त्या हातावर सोळा ओळी. सरांनी ती मागितली. रेडिओवर नेतो म्हणाले. मी ती चांगल्या कागदावर, समास सोडून, सुवाच्य अक्षरात उतरवली आणि तेथेच माझ्याकडून चूक घडली. माझ्या हातचा एकही कागद माझ्या सहीने बाहेर जात नाही. सही अर्जदाराची असते. सवयीने मी खाली उजवीकडची जागा कोरी सोडली आणि कागद सरांच्या स्वाधीन केला.

त्या शनिवारी मुद्रांकविक्रेत्यांना मी मुद्दाम घरी बोलावले. प्रथम एका गायिकेचा पूरिया धनाश्री झाला. रागदारीतले मला फारसे कळत नाही, हे आज प्रथमच कबूल करतो; तरी मी मान डोलावत होतो, कारण ती सायंकाळ माझी होती. मग जात्यावरच्या ओव्यांविषयी एका बाईंचे भाषण झाले. त्यानंतर निवेदिकेने सांगितले की सर आपल्या तीन कविता सादर करतील.

तिसरी माझी होती. वाचन उत्तम झाले. त्याचाच मला अधिक राग आहे.

पत्नीने रेडिओचा आवाज कमी केला. “हे तर तुमचंच होय ना? मंग त्याईचं नाव काऊन घेतलं?”

मुद्रांकविक्रेत्यांनी कपातला चहा सावकाश संपवला. “आता रागावून काय होते, भाऊ? तुमीच तर लोकाईले सांगता, ज्याची सही त्याचा अर्ज.”

सोमवारी हे वाक्य माझ्या आधी कचेरीसमोर पोहोचले होते. चहावाल्यानेही विचारले, आज कोणाची कविता लिहून राह्यले?

बुधवारी सर स्वतः आले. चेहऱ्यावर अपराधाची रेषाही नव्हती. “तुम्ही लिहून दिलीत, खाली जागा सोडलीत, म्हणून मी सही केली. तुमच्याकडून सगळे असंच नेतात ना?” त्यांचा तसा समज झाला असेलही. मला तो मान्य नाही.

त्यांना काम होते. शेजाऱ्याने कुंपण त्यांच्या प्लॉटमध्ये सरकवले होते आणि मोजणीसाठी त्यांनी स्वतः लिहिलेला अर्ज त्रुटी काढून परत आला होता. मी तो वाचला. त्यात उपमा होत्या, चतुःसीमा नव्हत्या. हातात काम आहे असे सांगून मी त्यांना पाठवले आणि ते गेटाबाहेर पडताच उरलेल्या चारही अर्जनवीसांच्या टेबलांशी जाऊन आलो. तेव्हापासून सर ऑटोने येतात, पाचही टेबले फिरतात आणि कोरा कागद घेऊन परत जातात. दरम्यान कुंपण आणखी हातभर आत आले, असे ऐकतो. हे दृश्य मी खुर्चीवरून पाहतो आणि मला बरे वाटते.

सबब त्या कार्यक्रमाच्या अधिकाऱ्यांना कळवतो की त्याच वारी, त्याच वेळी, गायन संपल्यावर आणि भाषण सुरू होण्यापूर्वी, ती कविता कोणाची हे निवेदिकेने माझे पूर्ण नाव घेऊन दोनदा सांगावे. सरांनीही ते आपल्या तोंडाने सांगावे. या मागणीचे उत्तर लेखी मिळावे. ते मिळेपर्यंत सरांच्या मोजणीचा अर्ज या आवारात कोणीही लिहिणार नाही.