आबासाहेब आणि आमचं ‘चला, निघतो’

शिकारीचे किस्से शिकार साधली म्हणून साठत नाहीत, फसली म्हणून साठतात. आमच्याकडे ढीगभर आहेत, आणि सगळे एकाच हरणाचे! मला मुळात एका जागी बसवत नाही, त्यामुळे सांगतानाही मी जरा उड्या मारणार. सांभाळून घ्या.

आम्ही तिघं अमेरिकेत मॉरिसव्हिलला राहतो, तिघंही आयटीवाले. मी पुण्याचा, मिलिंद नागपूरचा, गिरीश डोंबिवलीचा. धनुष्य चालवतो तो मिलिंद. मी नुसता सोबत जातो. गिरीश शुद्ध शाकाहारी, त्याच्याकडे झाडांवरचे कॅमेरे आणि एक्सेल. "मी खात नाही, पण डेटा सोडत नाही!" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

मिलिंदचा जुना शेजारी अर्ल, सत्तरीचा म्हातारा. तासाभरावर त्याचं स्वतःचं रान आहे. त्यानेच मिलिंदला नेम धरायला शिकवलं. पहिल्याच वर्षी तिथे ओकच्या झाडांखाली एक नर दिसला, डावं शिंग टोकाशी वाकडं. मिलिंदने बाण चढवला, तर अर्लने त्याचा हात धरला. म्हणाला, अजून पोर आहे ते, तीन वर्षं थांब.

"अबे, आमच्याकडे लग्नालाही एवढं थांबवत नाहीत!" मिलिंद माझ्या कानात पुटपुटला. पण थांबला. तीन वर्षं शनिवारमागून शनिवार जाऊन त्या नराला नुसता बघत राहिला. कुठे झोपतो, कुठल्या खोडावर शिंगं घासतो, कुठल्या वाऱ्याला कुठून येतो, सगळं तोंडपाठ. आबासाहेब हे नावही त्यानेच ठेवलं.

*

यंदा सप्टेंबरात अर्ल म्हणाला, "नाऊ." आणि त्याच आठवड्यात मिलिंदची नोकरी गेली! व्हिसावर साठ दिवस. तेवढ्यात दुसरी मिळाली नाही तर घर गुंडाळायचं आणि नागपूर गाठायचं.

आम्हाला दोघांना त्याने एकदमच फोन लावला. मला वाटलं, हा आता रडणार. तर पहिलं वाक्य काय? "साठ दिवसांत शनिवार किती बसतात बे?"

"आठ," गिरीश म्हणाला. त्याने एक्सेल उघडूनच फोन घेतला होता!

*

पहिला शनिवार. हरणाचं नाक भयंकर तिखट. म्हणून अर्लने बजावलं होतं, शिकारीचे कपडे घरात लटकवू नका, फोडणीचा वास लागतो. मिलिंदने शहाण्यासारखे ते झाकणाच्या डब्यात भरले, वर ओकची सुकी पानं घातली आणि डबा गॅरेजमध्ये ठेवला.

पहाटे झाडावर चढलो. वारा जरा फिरला, आणि लांबून आबासाहेबांचा असा काही फुत्कार आला की बस! मग नुसतं पांढरं शेपूट दिसलं. खाली आल्यावर अर्लने मिलिंदची बाही हुंगली आणि शांतपणे म्हणाला, "तो आत्ता व्हर्जिनियात पोचला असेल."

घरी जाऊन मिलिंदच्या बायकोला, अश्विनी वहिनींना विचारलं. वहिनी म्हणाल्या, "अहो, कपडे किती दिवस पडून होते, कसर लागेल म्हणून मीच डांबरगोळ्या टाकल्या. दहा-बाराच होत्या!"

*

माझा पराक्रमही सांगून टाकतो, नाहीतर मिलिंद सांगेल. तिसऱ्या शनिवारी मी शेजारच्या झाडावर. दोन तास न हलता बसायचं म्हणजे मला शिक्षाच. गुडघा आपोआप हलायला लागला, तो मी दोन्ही हातांनी दाबून धरला. तेवढ्यात आबासाहेब आले! साठेक पावलांवर, एकेक पाय मोजून टाकत. मिलिंदचं धनुष्य वर गेलं.

आणि माझ्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं. बराच वेळ बसलात, आता उभे राहा. मी राहिलो ना उभा! सवयच लागलीय हो! आबासाहेब दोन उड्यांत गायब!

*

गिरीशचं वेगळंच. ऑफिसच्या सकाळच्या मीटिंगमध्ये त्याने स्क्रीन शेअर केली, ती चुकीची. प्रोजेक्टच्या जागी आबासाहेबांचा मागून काढलेला फोटो, आणि खाली वेळा, वारा, तापमान असा भलामोठा तक्ता.

मॅनेजरने विचारलं, "हाच का आपला ब्लॉकर, काम अडवणारा?" गिरीशला घाम फुटला. मॅनेजर मात्र पुढे सरकून बघायला लागला. "वायव्येचा वारा असताना कुठून येतो?" तो स्वतः शिकारी निघाला! प्रोजेक्ट त्या दिवशी राहूनच गेला.

*

नोकरी काही मिळत नव्हती. एक इंटरव्ह्यू तर मिलिंदने झाडावरूनच दिला, कुजबुजत! तोही फसला. वहिनींनी खोकी भरायला घेतली. मला रात्री झोप लागेना. मला, म्हणजे बघा, जायचं त्याला होतं!

सहाव्या शनिवारनंतर गिरीशचा फोन आला. "आपण अकराला निघतो, मुलांची मराठी शाळा सुटायच्या वेळेला. आबासाहेब बरोबर अकरा-दहाला बाहेर येतात. दर वेळी! अरे, आपण त्यांचं टाइमटेबल काढतोय, आणि त्यांनी आपलं पाठ केलंय!"

मग काय, सातव्या शनिवारी मिलिंद झाडावरच थांबला. आम्ही दोघं मुकाट्याने गाडीत बसलो आणि मिनिटभरात निघालो. आबासाहेब आलेच नाहीत.

अर्ल हसायला लागला. म्हणाला, "तुम्ही लोक जाताना ‘चला’ म्हणता आणि मग गाडीचं दार उघडं ठेवून अर्धा तास गप्पा मारता. ते ऐकलं की तो उठतो. आज गप्पाच नाहीत. त्याच्या हिशोबाने तुम्ही अजून गेलाच नाहीत!"

*

आठवा शनिवार. मंगळवारचं विमान. मिलिंद पहाटेपासून झाडावर, आणि आम्ही दोघं साडेदहाला गाडीपाशी, हाकेच्या अंतरावर.

"चला, निघतो!" मी मोठ्याने म्हणालो. गिरीशने दार उघडलं. आणि पुढे बोलायला काही सुचेना! एरवी बोलतो तो मिलिंद. मी ट्रॅफिक काढला, लोणचं काढलं, मुलांचा गृहपाठ काढला. पाच मिनिटांत सगळं संपलं.

तेवढ्यात गिरीश झाडांकडे तोंड करून एकदम मोठ्या आवाजात सुरू झाला. "मिल्या, माझे बाबा गेले तेव्हा व्हिसाच्या भानगडीत मला जाता आलं नाही. तेरा दिवस तू ऑफिसातून थेट माझ्याकडे यायचास. एक शब्द बोलायचा नाहीस. भांडी घासून निघून जायचास. मी तुला कधी काही म्हणालो नाही. मला वाटलं, इथेच तर आहेस, म्हणू कधीतरी. आता कोणाला म्हणू रे?"

मी आयुष्यात पहिल्यांदा न हलता एका जागी उभा होतो. गिरीशने डोळे पुसले, धाडकन दार लावलं आणि आम्ही निघालो. पुढच्या पेट्रोल पंपावर कॉफी घेतली, ती तशीच गार झाली. मग मेसेज आला, "या."

ओकखाली आबासाहेब आडवे पडले होते, वाकडं शिंग वर. अर्लने टोपी काढून हातात धरली होती. मिलिंद शेजारी बसलेला. गिरीशला हरणाकडे बघवेना. त्याने फोनमध्ये एक्सेल उघडलं.

"आम्ही गेल्यावर किती मिनिटांनी आला?"

"गेल्यावर नाही. तू बाबांचं काढलंस ना, तेव्हाच आला. वीस पावलांवर आडवा उभा राहून ओकची फळं खात होता."

"तेव्हाच?" गिरीश ओरडला. "तीन वर्षं थांबलास, शेवटचा शनिवार, आणि तेव्हाच बाण का नाही सोडलास?"

"तुझं बोलणं व्हायचं होतं ना बे!"