न पुसलेला हुकूम

१४ नोव्हेंबर. गाद्या उन्हात टाकताना एक उसवली आणि कापसाच्या वासानं मला लोहाऱ्याचं जिनिंग, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, आठवला. तिथल्या कापसाच्या गाठी दाबायच्या प्रेसचा प्रोग्राम माझा होता. एकदा प्रेसवरचे मिस्त्री आत हात घालून अडकलेला कापूस काढत होते. मी लॅपटॉपवरून फक्त वजन विचारलं आणि वरचा लोखंडी दट्ट्या सरसर खाली आला. त्यांनी हात ओढला. बाही फाटून आतच राहिली. "मॅडम, मले थोटा करता काय?" मी आधी त्यांची बोटं मोजली. पाच होती. प्रेसला जाणाऱ्या निरोपांना मेमरीतली जागा वाटून देणारं फंक्शन मीच लिहिलं होतं. जागा परत करण्याआधी ती पुसायची, हा माझा नियम. पण परत केलेल्या जागेत काय उरलं ते पुन्हा कोणी वाचत नाही, अशी हमीही मीच कंपायलरला, म्हणजे माझा प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरला, दिली होती. त्यानं ती खरी मानली आणि वेळ वाचवायला पुसणंच गाळलं. माझ्या वजनाच्या निरोपाला नेमकी तीच जागा मिळाली, आणि तिथे हुकमाच्या रकान्यात आधीचा 'दाब' तसाच होता; मी तो रकाना कोरा समजून भरला नव्हता, प्रेसनं तो वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती हमी खोडली आणि प्रेसमध्ये भोपळा ठेवून पन्नासदा वजन विचारलं. भोपळा शाबूत राहिला. तरी मिस्त्री आत हात घालायला निघाले, तेव्हा मेनचा फ्यूज काढून मी मुठीत धरला.