साडूंचं खोकं

मंगळवारी सकाळी माझ्या बायकोचा, मीनाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ऑफिसात नुकतीच खुर्ची पुसत होतो. "भास्करराव गेले," ती म्हणाली. मी विचारलं, "कुठे?" मग तिचा श्वास ऐकू आला, आणि तरीही मी म्हणालो, "अगं, परवा रविवारी तर ते आपल्याकडे होते!" आजवर कितीतरी घरी भेटायला गेलो आणि हेच वाक्य ऐकलं. परवा तर भेटले होते, काल तर बोललो. मी मनात म्हणायचो, रविवारी भेटलेला माणूस मंगळवारी जात नाही असा काही नियम आहे का? त्या दिवशी कळलं, आहे. निदान आपल्या डोक्यात तरी तो पक्का असतो. सहा आठवडे झाले, माझ्या डोक्याने तो अजून सोडलेला नाही.

भास्करराव म्हणजे मीनाच्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईंचे यजमान, माझे साडू. मूळचे सायखेड्याचे, नोकरी अंबडच्या एका फाउंड्रीत, पॅटर्नमेकर म्हणून. लोखंडाची वस्तू ओतायच्या आधी तिची हुबेहूब लाकडी प्रतिकृती करावी लागते, ती करणारा कारागीर. वय सत्तावन्न. पोट नाही, साखर नाही, चष्मा फक्त पेपर वाचायला. देवळ्याला सासुरवाडीत आमची जी तुलना व्हायची तिच्यात मी कायम दुसरा, आणि जावई दोनच असल्यामुळे दुसरा म्हणजेच शेवटचा. एका दिवाळीत माजघरातला पंखा खडखडायला लागला. मी इलेक्ट्रिशियनचा नंबर शोधेपर्यंत साडू स्टुलावर चढून पंखा गप्प करून खाली उतरलेसुद्धा. सासूबाईंनी त्यांच्या ताटात करंजी वाढली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही पण घ्या." त्या 'पण'ची चव आजही जिभेवर आहे.

बावन्नाव्या वर्षी माणसाला काहीतरी होतं. कोणाला ट्रेकिंग होतं, मला वूफर झाला. घरच्या छोट्या स्पीकरवर तबला ऐकताना बोटांची टिकटिक ऐकू यायची, पण डग्ग्याचा घुमारा कुठेतरी हरवायचा. तो परत आणायचा म्हणून मी बारा इंची सुटा वूफर, खर्जाचा मोठा स्पीकर, घेऊन आलो. सुटा वूफर म्हणजे डग्ग्याची नुसती पुडी, वरचं कातडं, खाली भांडंच नाही. त्यासाठी लाकडी खोकं लागतं आणि ते आपणच करायचं, असं मी जेवताना जाहीर केलं. मीनाने हात धुतले आणि मला न विचारता बहिणीकडे फोन लावला.

पंधरा दिवसांनी, एका रविवारी साडू आले. वूफर उलटासुलटा केला, त्याच्या पडद्यावर हलकेच बोट ठेवलं आणि डॉक्टरांच्या आवाजात म्हणाले, "हवा कोंडायची हाय यात. खोकं गळकं नको. दोन घनफूट लागंल, आन् एका बाजूला पायपाचं भोक." मी मान डोलावली. या माणसाला येत नाही असं काही आहे का, असा जुनाच विचार मनात आला. मापं एकाच कागदावर लिहिली. दोन बाजू आणि मागची फळी ते घरी कापणार, बाकीच्या तीन मी प्लायवूडच्या दुकानातून मशीनवर कापून आणणार. तेवढं तरी माझ्याकडून होईल, असा त्यांचा अंदाज असावा.

पुढच्या रविवारी फळ्या एकमेकींना लावल्या, तर त्यांच्या सगळ्या फळ्या मोठ्या. जास्त नाही, सोळा इंचाला चार मिलिमीटर. पण हवा कोंडायच्या खोक्याला चार मिलिमीटर म्हणजे वेशीचा दरवाजा. "तुमचा दुकानदार डुलक्या घेत व्हता," साडू म्हणाले. मी म्हणालो, "मशीन डुलक्या घेत नाही." "मशीनला माप देणारा घेतो ना!" वीस वर्षांत पहिल्यांदाच बाजू माझी भक्कम होती, आणि मी ती सोडणार नव्हतो. चहा गार झाला. मीना आतून म्हणाली, "भांडण संपलं की सांगा, पोहे टाकते." मग साडू पिशवीकडे वळले. आतून आपली स्टीलची पट्टी काढून त्यांनी माझ्या टेपशेजारी ठेवली... दोन्हींचे इंच जुळत नव्हते. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरच्या पट्टीवरचा इंच मुळातच वाढीव असतो. तीस वर्षं हातात असलेली ती पट्टी त्यांनी सवयीने घरीही वापरली होती. ते खाली फरशीवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "घाबरू नका साडू," म्हणाले, "खोकं थंड झालं की बरोबर व्हईल." मीही हसलो. करंज्यांची वीस वर्षं त्या चार मिलिमीटरमध्ये फिटली म्हणा ना.

तिसऱ्या रविवारी चिकटवाचिकटव. त्यांनी रंध्याने आपल्या फळ्या उतरवल्या, कडांना डिंक लावला, घरून आणलेले सहा क्लॅम्प चहूबाजूंनी आवळले. शेवटचा आवळताना थांबले आणि डावा खांदा चोळायला लागले. "हात भरून आलाय राव." घाम आला होता. मी म्हणालो, "वय झालं साडू, कबूल करा." "वय तुमचं झालं. माझा नुसता हात भरलाय." मी बामची डबी दिली. त्यांनी बाम चोळला, अर्धा कप चहा घेतला आणि बजावलं, "बुधवारपर्यंत क्लॅम्पला हात लावायचा नाय." त्यांची स्कूटर सुरू झाली तेव्हा मी फाटकापर्यंतही गेलो नाही. खोक्याचा फोटो काढत होतो.

मंगळवारी सकाळी कंपनीच्या बसची वाट बघताना ते खाली बसले, ते उठलेच नाहीत.

बाम. माणसाचा डावा हात दुखतोय, घाम आलाय, आणि मी पदवीधर गृहस्थ बाम देतो. लोक भेटायला यायचे, म्हणायचे, काहीच लक्षण नव्हतं हो. मी कोपऱ्यात बसून फरशी बघायचो. दहावं झालं, तेरावं झालं. सुमनताई समोर आल्या की तोंड उघडायचो आणि पाणी मागायचो. त्यांना सांगणं भाग होतं, आणि सांगितल्यावर त्या माझं तोंड पुन्हा बघतील का, हे माहीत नव्हतं. खोकं मागच्या खोलीत क्लॅम्पमध्ये तसंच. बुधवार येऊन गेले, एकामागून एक.

गेल्या रविवारी मीना ताईंना चार दिवसांसाठी आमच्याकडे घेऊन आली. दुपारी मी मागच्या खोलीत गेलो, तर ताई खोक्यासमोर उभ्या. मग मी बोललो. खांदा, घाम, बाम, माझी थट्टा, सगळं. फोटोचंसुद्धा सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मलाही म्हणाले होते, अरुणराव. रात्री जेवताना. मी म्हटलं, दिवसभर ठोकाठोकी करून आलात, दुखेल नाहीतर काय... हळदीचं दूध दिलं." त्या खाटेच्या कडेवर बसल्या. "मीनालासुद्धा नाही सांगितलं मी." मी स्टूल ओढलं. शेजारी बसलो.

मग त्यांनीच विचारलं, "आवाज कुठून येतो याच्यातून?" म्हटलं, वूफर अजून बसवलाच नाही. "बसवा की." "मला येत नाही, ताई." "त्यांना तरी कुठं येत होतं!" मी विचारलं, "म्हणजे?" "मीनाचा फोन आल्यापासून पंधरा दिवस, कंपनीतून आले की कानात ते घालून मोबाइल बघत बसायचे. वहीत उतरवून घ्यायचे. म्हटलं, काय एवढं? तर म्हणे, साडूसमोर लाज जायला नको." ...दोन घनफूट. पायपाचं भोक. तो डॉक्टरांचा आवाज. हा माणूस गेल्याचा जो धक्का मला बसलाय असं मी समजत होतो, त्याच्या खाली आणखी एक धक्का माझी वाट बघत होता.

क्लॅम्प ताईंनीच सैल केले, एकेक करत, घरी परत न्यायचे असल्यासारखे पुसून. सांधा कुठेही हलला नाही. चार स्क्रू मी वाकडे लावले, मीनाने येऊन सरळ केले. वायर जोडली आणि तबला लावला. आधी टिकटिक, आणि मग तळातून, फरशीतून, आम्ही बसलो होतो त्या खाटेच्या पायांतून डग्गा वर आला. खिडकीची काच थरथरली. मीना दारात उभी राहून रडायला लागली.

"कमी करा थोडं," ताई म्हणाल्या, "शेजारी काय म्हणतील."

मी बटणाकडे हात नेला.

"नको," त्या म्हणाल्या. "राहू द्या."