स्पंजाची राखी

"मनगटाचं नंतर बघू. आधी तुमचं हृदय सांभाळायचंय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं, या दुसऱ्याच कुणा पेशंटशी बोलतायत. दुखत होतं मनगट आणि नर्स माझ्या छातीला ईसीजीच्या तारा लावत होती.

मी वाळूजच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. धातूचे नमुने विरघळवायला आम्ही हायड्रोफ्लोरिक अॅसिड वापरतो. गेल्या वर्षी राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ते मनगटावर उडालं. पैठणच्या अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, स्पंजाच्या फुलाची राखी बांधली होती, चांगली बशीएवढी. तिच्यावरून हातमोजा चढेना, म्हणून मी तो खाली दुमडला होता. लगेच नळाखाली हात धरला, तोही राखी भिजू नये असा. पोळ्यापर्यंत राखी काढायची नाही, ही आमच्या घरची रीत. आग नाही, फोड नाही. म्हटलं, झालं गेलं गंगेला मिळालं.

संध्याकाळी मुकुंदवाडीला घरी जेवताना हाडातून अशी कळ उठली की घास हातातून सुटला. राखीसाठी येऊन राहिलेली अक्का हळद घेऊन धावली. बायकोनं सरळ रिक्षा बोलावली.

मॅडमनी समजावलं: पातळ केलेलं हे अॅसिड लगेच चटका देत नाही. कातडीतून आत झिरपतं आणि रक्तातलं कॅल्शियम खातं. कॅल्शियम घटलं की हृदयाचे ठोके बिघडतात. पण मी तर हात धुतला होता. त्यांनी मोजे घालून राखीचं फूल दाबलं. ते ओलं होतं. दिवसभर मी अॅसिड मनगटाला बांधून हिंडत होतो.

त्यांनी कात्री मागितली. एवढं ऐकूनही माझ्या तोंडून निघालं, "पोळा व्हायचाय अजून."

दारातून अक्का म्हणाली, "कापा मॅडम तो धागा. भाऊच नाय राहिला तर बांधू कुणाला?"

मग मनगट धुऊन त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम चोळत राहिले. म्हणजे अॅसिडला माझ्याऐवजी बाहेरचं कॅल्शियम खायला घालायचं. सलाईनमधूनही तेच चाललं होतं. यंत्राचा आवाज जरा बदलला की मी नर्सला हाक मारायचो. दुसऱ्या दिवशी ठोके ठीक आहेत म्हणाले, तेव्हा मी सगळ्यांदेखत रडलो.

अॅसिडशी काम करणाऱ्यांनो, हातात दोरा, घड्याळ, अंगठी काही नको. उडालंच तर सगळं काढून भरपूर धुवा आणि दुखायची वाट न बघता दवाखाना गाठा.

यंदा अक्कानं ओवाळलं, साधा रेशमी धागा बांधला. मी कामाला निघालो तशी म्हणाली, "आण हात इकडं." गाठ तिनंच सोडली, राखी देवघरात ठेवली आणि व्रण पडलेलं मनगट थोडा वेळ धरून ठेवलं.

"जा आता," म्हणाली.